बुरूडकामाच्या पहिल्या पुस्तकासाठी प्रकाशकाचा शोध : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्यातील झाडीपट्टीच्या एका मोठ्या गावात मी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. टाळेबंदीनंतर वाचनालय पुन्हा उघडले त्या 2020 च्या हिवाळ्यात शेजारच्या गावचे, बांबूच्या टोपल्या-सुपे विणणारे एक बुरूड कारागीर कापडी पिशवीत चार दोनशेपानी वह्या घेऊन आले. वय साठीच्या घरात, शिक्षण दहावीपर्यंत, आणि हातात कत्ती (बांबू चिरण्याचा कोयता) धरल्याला पंचेचाळीस वर्षे झालेली. या लेखात त्यांचा उल्लेख काका असा केला आहे, कारण मी त्यांना तसेच म्हणते. त्यांचे गाव, प्रकाशकांची नावे आणि ओळख पटेल असे इतर तपशील त्यांच्या संमतीने वगळले आहेत.

"बाई, हे छापता येईन का?" एवढेच त्यांनी विचारले, आणि मी पहिली वही उघडत असताना खालच्या आवाजात म्हणाले, "पोरं आता कत्ती धरत नाहीत. माह्या मागं हे कोण सांगन?"

पहिल्या वहीत बांबूची ओळख होती: मानवेल आणि कटांग या जातींपैकी कोणता बांबू कोणत्या कामाला घ्यावा, कोवळी काठी का टाळावी, तीन वर्षांवरची काठी गाठींवरून आणि रंगावरून कशी ओळखावी, पावसाळा संपल्यावर तोडलेल्या बांबूला भुंगा कमी का लागतो, निस्ताराचा (गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी मिळणारा) बांबू डेपोतून निवडून घेताना काय पाहावे. दुसऱ्या वहीत दुरडी, परडी, सूप आणि डालगे अशा टोपल्या-सुपांची कृती होती. तिसरीत धान्याची ढोली आणि तट्टे होते. चौथी वही वेगळीच होती. तिच्यात लग्नकार्याला लागणाऱ्या वस्तू, कोणाच्या घरी कोणते सूप का जाते, बाजारातल्या आठवणी आणि वडिलांकडून शिकताना खाल्लेला मार, असे सगळे आले होते. जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीने काढलेली आकृती होती. सहा वर्षे रात्री थोडे थोडे करून हे लेखन झाले होते.

अडचण

मराठीत पहिले पुस्तक काढू पाहणाऱ्या कवीला किंवा कथाकाराला निदान कोणाचे दार ठोठवायचे ते ठाऊक असते. हाताने वस्तू कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकाची जागा मात्र ठरलेली नसते. साहित्याचे प्रकाशक त्याला पाठ्यपुस्तकाच्या रांगेत बसवतात, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक अभ्यासक्रम कोणता असे विचारतात, आणि ज्यांच्या व्यवसायाचे ते पुस्तक आहे त्या बुरूड घरांत पुस्तक विकत घेण्याची रीत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रकाशकाचा पहिला प्रश्न तोच असायचा: हे विकत कोण घेणार? त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तेव्हा तयार नव्हते, ही आमची पहिली उणीव.

दुसरी उणीव अधिक साधी होती आणि ती लक्षात यायला आम्हाला वर्ष लागले. 2021 मध्ये आम्ही वह्यांच्या झेरॉक्स प्रती काढून पुणे, मुंबई आणि नागपूर येथील पाच प्रकाशकांना टपालाने पाठवल्या. एकाला पाठवून त्याच्या उत्तराची वाट पाहायची आणि मगच दुसऱ्याला पाठवायचे, असा आमचा क्रम होता, कारण एकाच वेळी अनेकांना पाठवणे सभ्यपणाचे नाही असे काकांना वाटत होते. तिघांकडून उत्तरच आले नाही. एकाने "मजकूर चांगला, परंतु आमच्या यादीत बसत नाही" असे कळवले. पाचव्याने, म्हणजे पुण्यातील एका जुन्या प्रकाशनसंस्थेने, सात महिन्यांनी फोन केला. त्यांचे संपादक बोलता बोलता म्हणाले, "आकृत्यांसाठी जागा सोडलेली दिसते, पण आकृत्या काही नाहीत." मी तेव्हाच कपाटातली कार्यालयीन प्रत काढून पाहिली. पेन्सिलीच्या फिक्या रेषा झेरॉक्समध्ये उठल्याच नव्हत्या. ज्या पानांवर पुस्तकाचा जीव होता ती पाने पाचही ठिकाणी अर्धी कोरी पोचली होती.

या चुकीची जबाबदारी माझी आहे. प्रती मी काढल्या, गठ्ठे मी बांधले, आणि पाठवण्यापूर्वी एकही पान नीट पाहिले नाही.

वहीची परीक्षा

नव्याने प्रती काढून पुन्हा पाठवाव्यात, हा सरळ मार्ग होता. तसे न करता आधी मजकूर तपासण्याचे आम्ही ठरवले, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी त्यालाच मानते. पाककृतीचे पुस्तक छापण्यापूर्वी ज्याने ते लिहिले नाही अशा माणसाने त्यावरून स्वयंपाक करून पाहायला हवा, तसेच हे होते.

वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या, बी.ए.ला असलेल्या दोन मुली तयार झाल्या. काकांनी हिरव्या मानवेलाच्या पट्ट्या सोलून, भिजवून आणल्या. अट एकच होती: मुलींनी वही वाचून दुरडी विणायची आणि काकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. चार आडव्या आणि चार उभ्या पट्ट्यांचा तळ नीट बसला. टोके वर वळवली, तेव्हा सोळा उभ्या काड्या झाल्या. मग एक लांब, बारीक पट्टी घेऊन एक काडी वरून, एक काडी खालून असा पहिला फेरा पूर्ण झाला आणि दुसरा सुरू होताच काम अडले. दुसऱ्या फेऱ्यातही पट्टी नेमक्या त्याच काड्यांवरून आणि त्याच काड्यांखालून जात होती. फेरे एकमेकांना धरीनात, नुसते एकावर एक सरकू लागले. मुलींनी दोनदा उसवून पाहिले. काका खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. त्यांनी कत्ती घेतली, सोळांपैकी एका काडीचे टोक उभे चिरून तिच्या दोन काड्या केल्या आणि म्हणाले, "सतरा लागतात न जी. विषम नसली त बसतच नाही."

वहीत हे वाक्य कुठेही नव्हते. काड्यांची संख्या विषम असली की प्रत्येक फेऱ्यात पट्टी एका काडीने पुढे सरकते, मागच्या फेऱ्यात वर असलेली काडी पुढच्या फेऱ्यात खाली जाते आणि वीण आवळत जाते. दुरडीचे सगळे शास्त्र या एका चिरेत आहे. काकांना मी विचारले की हे लिहिले का नाही, तेव्हा ते खरोखर गोंधळले. "हे काय लिहायचं असते, बाई? हात आपोआप फाडते."

त्या दिवसापासून पुढचे पाच महिने आम्ही दर रविवारी दुसरी वही अशीच तपासली. हाताला ठाऊक असलेल्या आणि म्हणून कागदावर न आलेल्या सव्वीस गोष्टी सापडल्या. बांबूच्या पाठीची पट्टी चिवट असते म्हणून ती काठाला घ्यायची आणि पोटाची मऊ पट्टी भरणीला, हे एका ठिकाणी होते आणि दुसऱ्या ठिकाणी गृहीत धरले होते. मापे "दोन बोटे", "एक वीत" अशी होती. ती तशीच ठेवून काकांची वीत पट्टीने मोजली, ती 21 सेंटिमीटर भरली, आणि प्रत्येक मापापुढे सेंटिमीटरमधला आकडा लिहिला. दोघींपैकी एकीचा चित्रकलेचा हात चांगला होता. तिने पेन्सिलीच्या आकृत्या काळ्या शाईने नव्याने काढल्या. आधी आम्ही छायाचित्रे काढून पाहिली होती, परंतु साध्या मॅपलिथो कागदावर काळ्या-पांढऱ्या छपाईत एकाच रंगाच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात आणि कोणती वर, कोणती खाली हे कळत नाही. रेषाचित्रात ते लगेच कळते.

याच तपासणीत "विकत कोण घेणार" या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. हे पुस्तक बुरूडकाम येणाऱ्यांसाठी नव्हतेच. ज्यांच्या घरी ही कला नाही पण जे प्रशिक्षणाला येतात, अशा बचतगटांतील स्त्रिया, शाळांतील कार्यानुभवाचे शिक्षक आणि बांबू लावणारे शेतकरी हे त्याचे वाचक होते. खासगी जमिनीवरील बांबू 2017 च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील "वृक्ष" या व्याख्येतून वगळला गेल्यावर बांबूकडे वळणारे लोक आमच्या भागात वाढलेले आम्ही पाहत होतो.

पर्यायांचा विचार

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्याला 96 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्यापासून वर्धा जवळ, म्हणून काका, मी आणि चित्रे काढणारी मुलगी असे तिघे गेलो. भाषणे ऐकण्यापेक्षा ग्रंथप्रदर्शनातील दालनांत आम्ही अधिक वेळ घालवला. सोबत चाळीस पानांचा नमुना आणि सतरा काड्यांची एक अर्धवट दुरडी होती. दुरडी दाखवली की प्रकाशक नमुना हातात घेत. हा अनुभव मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. एप्रिलपर्यंत आमच्यापुढे चार वाटा उभ्या राहिल्या.

पहिली वाट आधी फोन केलेल्या पुण्याच्या संस्थेची. त्यांना चौथी वही हवी होती. बुरूड कारागिराचे आत्मकथन म्हणून ती वाढवावी, कृतीचा भाग दोन-तीन प्रकरणांत उरकावा आणि "दुरडी", "डालगे" असे स्थानिक शब्द प्रमाण मराठीत आणावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. संस्थेचे नाव मोठे, वितरण महाराष्ट्रभर, मानधन रीतसर. मोह होण्यासारखाच प्रस्ताव होता तो.

दुसरी वाट पैसे देऊन छापण्याची. एका प्रकाशकाने 500 प्रतींसाठी 78,000 रुपयांचे अंदाजपत्रक दिले, आणि त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, शुल्क म्हणून वेगळे 5,000 रुपये लावले होते. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते आणि लेखक स्वतःही तो मागू शकतो. हे मला ग्रंथपाल म्हणून ठाऊक होते, म्हणून त्या एका ओळीवरून बाकीच्या ओळींचाही विश्वास उरला नाही. पैसे देऊन पुस्तक काढणे गैर आहे असे मी म्हणत नाही. हिशोब उघडा असेल, प्रती लेखकाच्या ताब्यात येणार असतील आणि विकण्याची सोय असेल, तर तोही एक मार्ग आहे.

तिसरी वाट एका प्रशिक्षण संस्थेची. त्यांना दुसरी वही पुस्तिका म्हणून छापून प्रशिक्षणार्थींना फुकट वाटायची होती. मुखपृष्ठावर नाव संस्थेचे आणि आत आभारांत काकांचे, अशी त्यांची अट होती. काकांचे उत्तर त्याच क्षणी तयार होते. "फुकट वाटा, पैसे नका देऊ, पण नाव माहं पाहिजे." संस्थेने ते मान्य केले नाही.

चौथी वाट विदर्भातीलच एका लहान प्रकाशकाची. वर्षाकाठी मोजकी पुस्तके काढणारे हे गृहस्थ दालनात स्वतः बसले होते आणि त्यांनी नमुना वाचून पहिलाच प्रश्न विचारला तो असा: "दोन्ही हात गुंतलेले असताना हे पुस्तक उघडे कसे राहील?" इतर कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

शासकीय मदतीचाही विचार झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, परंतु ती कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित अशा वाङ्मयप्रकारांवर बेतलेली असल्यामुळे दुरडीची कृती कोणत्या रकान्यात लिहावी हेच आम्हाला ठरवता आले नाही.

निर्णय आणि करार

पुणे की विदर्भ, यावर काका पंधरा दिवस विचार करत होते. मी माझे मत त्यांना सांगितले, ते येथेही नोंदवते. आत्मकथन नंतरही लिहिता आले असते, परंतु कृतीचा भाग आत्मकथनात एकदा उरकला गेला असता तर त्याचे वेगळे पुस्तक पुन्हा कोणी काढले नसते. काका मुळात आले होते ते कोणाला तरी शिकवायला. शेवटी त्यांनी लहान प्रकाशकाला होकार दिला आणि चौथी वही बाजूला ठेवली. पहिली वही थोडक्यात आणि दुसरी पूर्ण, असे 112 पानांचे पुस्तक ठरले. स्थानिक शब्द तसेच राहिले. प्रथम येतील तेथे त्यांचा अर्थ कंसात दिला.

बांधणीवरून चर्चा लांबली. मध्ये पिना मारलेले पुस्तक सपाट उघडते, पण त्याला कणा नसतो, कण्यावर नाव नसले की ते वाचनालयाच्या मांडणीत दिसत नाही, आणि एवढ्या पानांना ती बांधणी टिकतही नाही. केवळ डिंकाने चिकटवलेले पुस्तक स्वस्त पडते, पण हात सोडला की मिटते आणि दाबून उघडे ठेवले की पाने सुटतात. फॉर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्याने शिवून मग आवरण लावायचे ठरले. त्यामुळे किंमत 160 ऐवजी 180 रुपये झाली. प्रकाशकांना ती वाढ जड वाटत होती. काकांनी नमुन्याचे पान पायाच्या अंगठ्याने दाबून धरत विणून दाखवले, तेव्हा ते तयार झाले.

करारनाम्याच्या पहिल्या मसुद्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असे छापील वाक्य होते. त्यामागे लबाडी नव्हती. अनेक वर्षे तोच कागद वापरला जात होता. 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. आम्ही मुदत पाच वर्षे, भाषा फक्त मराठी, आणि विषय फक्त या पुस्तकातील मजकूर, असे स्पष्ट लिहून घेतले. विकलेल्या प्रतींवर छापील किमतीच्या दहा टक्के मानधन, आणि लेखकाला हव्या तेवढ्या प्रती चाळीस टक्के सवलतीने, ही कलमे बोलण्यातून ठरली. दुसरे कलम पहिल्याहून मोलाचे ठरले.

परिणाम

पुस्तक जानेवारी 2024 मध्ये निघाले, 500 प्रतींचे. मार्च 2025 अखेर प्रकाशकांकडून 212 प्रती विकल्या गेल्या आणि त्यांवरचे एकूण मानधन 3,816 रुपये झाले. काकांनी 108 रुपयांप्रमाणे शंभर प्रती घेतल्या होत्या. त्यांपैकी 74 त्यांनी आठवडी बाजारात, आपल्या टोपल्यांच्या शेजारी मांडून आणि बचतगटांच्या प्रशिक्षणांत विकल्या. म्हणजे सव्वा वर्षात त्यांनी एकट्याने, तेही पुस्तकाचे दुकान नसलेल्या गावांतून, प्रकाशकांच्या विक्रीच्या एक तृतीयांशाहून अधिक विक्री केली. पुस्तकांच्या दुकानांतून विक्री फार थोडी झाली.

नव्या पुस्तकांच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना देण्याच्या 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांत प्रती पाठवल्या. कोलकात्याच्या पोचपावतीची झेरॉक्स काकांनी घरी भिंतीवर लावली आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठीच्या शासनाच्या ग्रंथयादीकरिता मात्र त्या वर्षी प्रती वेळेत पोचल्या नाहीत, आणि एवढ्या लहान आवृत्तीच्या पुस्तकाला ते नुकसान मोठे आहे.

सर्वांत समाधानाची बातमी एका शिक्षिकेच्या पत्रातून आली. गोंदिया जिल्ह्यातील तिच्या शाळेत, बुरूडकाम येणारे कोणीही जवळ नसताना, सहावीच्या मुलांनी पुस्तकावरून दुरडी पूर्ण केली होती. "एक काडी चिरा" या चित्राला मुलांनी लाल खूण केली आहे, असे तिने लिहिले होते.

वेगळे काय करता आले असते

मजकूर पाठवण्याआधी तपासायला हवा होता. त्याचबरोबर प्रत्येक प्रकाशकाला सगळ्या वह्या पाठवण्याची गरज नव्हती. एक पानी परिचय, वाचक कोण याचा स्पष्ट उल्लेख, एक पूर्ण कृती आणि तिच्या शाईच्या आकृत्या एवढे पुरले असते, आणि ते एकाच वेळी अनेकांना, तसे कळवून, पाठवता आले असते. एकामागून एक पाठवण्यात पूर्ण वर्ष गेले.

आकृत्यांच्या हक्काकडे आमचे दुर्लक्ष झाले, हे मला अजून बोचते. आकृत्या त्या मुलीच्या, म्हणून त्यांचा प्रताधिकार तिचा. तरीही करारात त्यांचा उल्लेख नव्हता आणि तिचे नाव पहिल्या कच्च्या मुद्रितात केवळ "साहाय्य" म्हणून आले होते. तिने तक्रार केली नाही, पण काकांनी स्वतः ते पाहिले आणि थांबवले. नंतर वेगळे पत्र करून मानधनाचा पाचवा हिस्सा तिला आणि मुखपृष्ठावर "चित्रे" या शब्दापुढे तिचे नाव, असे ठरले. हे पहिल्या रविवारीच लिहायला हवे होते.

छपाईपूर्वीची शेवटची मुद्रिते आम्ही वाचली, पण विणून पाहिली नाहीत. त्यामुळे सुपाच्या काठाची एक आकृती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आणि पट्टी उजवीकडून येण्याऐवजी डावीकडून येताना दिसते. उरलेल्या प्रतींत काकांनी बसून, एकेक करून, त्या आकृतीजवळ निळ्या पेनने बाण काढला आणि खाली लिहिले, "उलट पाहा."

पुण्याच्या संस्थेला आम्ही नकार कळवला तेव्हा चौथ्या वहीचे दार उघडे ठेवण्याची विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केली. ते काम पुढे. सध्या तिसरी वही टेबलावर आहे. ढोली विणायला जागा लागते, म्हणून परीक्षा वाचनालयाच्या मागच्या पडवीत होईल, आणि पावसाळा संपून हिरवा बांबू मिळू लागला की ती सुरू होईल. या खेपेला काका पडवीबाहेर बसणार आहेत.